राजा रविवर्मा आणि कापलेली कड

तुमच्या आजोळच्या घरात देवघराच्या वर एक लक्ष्मीचं चित्र नक्की असणार. पाण्यातल्या कमळावर उभी, चार हात, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. फ्रेमचं लाकूड काळं पडलेलं, काचेवर कुंकवाची बोटं उठलेली. आपण ते इतक्या वेळा बघितलेलं असतं की ते कोणी काढलं, कुठे छापलं असले प्रश्न पडतच नाहीत. मलाही पडले नव्हते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरावर या चित्राची किंमत ठरवायची वेळ आली, आणि त्या निमित्ताने एका माणसाचं अख्खं आयुष्य वाचून काढावं लागलं.

झालं असं. मंगळवार पेठेतला आजीचा वाडा पाडून तिथे अपार्टमेंट बांधायचं ठरलं. दोन्ही काकांमध्ये तांब्या-पितळेची भांडी वाटली गेली, शिसवी कपाट गेलं, झोपाळ्याच्या कड्यासुद्धा तोलून झाल्या. उरलं ते चित्र. ते दोघांनाही हवं होतं, आणि दोघेही ते दुसऱ्याला द्यायला तयार होते. फक्त त्याची किंमत धरून. म्हणून पुण्याहून जुन्या वस्तूंची पारख असलेले एक गृहस्थ बोलावले. मला वाटलं ते देवीचा चेहरा बघतील. त्यांनी देवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फ्रेम उलटी करून टेबलावर ठेवली, गंजलेले खिळे पकडीने काढले, मागची फळी उचलली आणि सगळ्यात आधी चित्राची खालची कड पाहिली. कड नव्हतीच. कोणीतरी, बहुधा फ्रेम करणाऱ्यानेच, मापात बसावं म्हणून ती पात्याने सरळ कापून टाकली होती. गृहस्थ हळहळले. कड असती तर चौपट दिले असते म्हणाले. बिनकडेच्या चित्राचे जे पैसे त्यांनी सांगितले त्यात हॉस्टेलच्या मेसचं फार तर तीन महिन्यांचं बिल भागलं असतं.

दोन बोटं कागदासाठी एवढा फरक? मला तो तेव्हा सरळ सरळ अन्याय वाटला. पण ते दोन बोटं कागद काय सांगतात हे कळायचं तर रविवर्मापासूनच सुरुवात करायला हवी.

रविवर्माचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूरचा. घराणं मोठं, राजघराण्याशी सोयरिक असलेलं. मामा राजा राजा वर्मा स्वतः चित्रं काढायचे. लहान रविवर्मा कोळशाने भिंती रंगवून ठेवायचा आणि नोकरमाणसं वैतागायची, अशी गोष्ट त्याच्या चरित्रांमध्ये हमखास येते. मामांनी मात्र पोराचा हात ओळखला. १८६२ साली, म्हणजे चौदाव्या वर्षी, ते त्याला तिरुअनंतपुरमला घेऊन गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी त्याला आपल्या आश्रयाला ठेवून घेतलं.

इथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना जवळचा वाटेल असा भाग येतो. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते. दरबारातल्या रामस्वामी नायडू नावाच्या चित्रकाराला ते तंत्र येत होतं, पण तो ते या पोराला शिकवायला तयार नव्हता. त्याचा शागीर्द आरुमुगम पिळ्ळै चोरून येऊन थोडंफार दाखवायचा. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार महाराजांची चित्रं काढायला आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम चाललेलं असताना बाजूला उभं राहून बघायची परवानगी दिली. वर्कशॉपमध्ये लेथला हात लावू न देता लांबूनच बघा म्हणणारे लोक आपल्यालाही भेटतात, आणि आपण जर्नल दुसऱ्याचं उतरवून मोकळे होतो. रविवर्मा मात्र बघून बघून आणि रंग वाया घालवून घालवून शिकला. रंगात तेल किती, वाळायला वेळ किती, एक थर वाळायच्या आत दुसरा द्यायचा की नाही, हे सगळं त्याने स्वतःच्या चुकांमधून काढलं. त्याला कसलाही डिप्लोमा नव्हता, हे मला फार आवडलं.

पुढची वर्षं भराभर सांगते. १८६६ मध्ये मावेलिक्कराच्या भागीरथीशी लग्न झालं. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरव झाला. मग शकुंतलेचं पत्रलेखन आलं; ते मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅमने विकत घेतलं. त्यानंतर संस्थानिकांची रांगच लागली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा मोठी चित्रं करून घेतली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची दहा चित्रं गेली आणि पदकं मिळवून आली. हे तेच वर्ष आणि तेच शिकागो, जिथे विवेकानंदांचं भाषण झालं. शाळेत विवेकानंद पाठ होते, दा विंची आणि मायकेल अँजेलोवर तर प्रोजेक्टही केला होता. रविवर्मा मात्र आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात कुठेच भेटला नाही.

बडोद्याच्या कामाच्या वेळी त्याच्यापुढे एक गमतीशीर अडचण होती. द्रौपदी, दमयंती, सीता यांना नेसवायचं काय? पुराणात काही लिहिलेलं असलं तरी डोळ्यांसमोर उभं राहत नाही. धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा याला बरोबर घेऊन त्याने उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला, पोशाख बघितले, देवळं बघितली. शेवटी त्याच्या कितीतरी नायिका साडीत आल्या, आणि त्यातल्या पुष्कळ जणी चक्क आपल्या मराठी पद्धतीच्या नऊवारीत. मुंबईत काम करताना त्याला मॉडेल म्हणून गोव्याकडच्या आणि महाराष्ट्रातल्या स्त्रिया मिळाल्या. पुढे मोठ्या गायिका झालेल्या अंजनीबाई मालपेकर त्यांतल्या एक, असं सांगतात. त्यामुळे केरळच्या माणसाने काढलेली देवी सोलापूरच्या माजघरात परकी वाटली नाही. आजीला तर ती आपल्याच गल्लीतली वाटायची.

आता कडेकडे येते. बडोद्याची चित्रं राजवाड्यात जाण्याआधी मुंबईत लोकांना बघायला ठेवली, तेव्हा झुंबड उडाली. पण बघणाऱ्याला ती घरी नेता येत नव्हती. एक तैलचित्र म्हणजे एक घर, तेही राजाचं. सर टी. माधवराव हे त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण, घराणं तंजावरच्या मराठी लोकांपैकी. त्यांनी रविवर्माला आधीच सुचवून ठेवलं होतं की तुझे दोन हात एवढी मागणी पुरवू शकणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घे. रविवर्माने पुढे त्याहून धाडसी गोष्ट केली. युरोपात चित्रं पाठवण्याऐवजी त्याने छापखानाच इकडे आणला. १८९४ साली मुंबईत घाटकोपरला त्याचा छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञ जर्मन, भागीदार मुंबईतला एक व्यापारी आणि हिशेब, पत्रव्यवहार, कटकटी धाकट्या भावाच्या गळ्यात. पहिलं छापलेलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं.

हे छापणं म्हणजे काय ते थोडं सविस्तर लिहिते, कारण किंमत त्यातच दडलेली आहे. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडू नये.) लिथोग्राफी म्हणजे दगडावरची छपाई. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच तत्त्वावर ती चालते. बव्हेरियातला बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून आरशासारखा सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं. मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, तेलकट जागा पाणी झटकते. त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट जागी बसते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उठलं. पण हा झाला एक रंग. रविवर्माच्या चित्रात त्वचेच्याच कितीतरी छटा असतात, त्यामुळे एकेका चित्राला भरपूर दगड लागायचे. प्रत्येक रंगाला वेगळा. कागद प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीचे ओठ हनुवटीवर येतात. ड्रॉइंग हॉलमध्ये शीट एकदा क्लिपमधून काढून परत लावताना आपली काय अवस्था होते ते आठवा, आणि मग हे दहा-पंधरा वेळा, हजारो प्रतींसाठी. शेवटी वर व्हार्निशचा हात, म्हणजे तैलचित्रासारखी चमक येते. अशा छापील चित्राला ओलिओग्राफ म्हणतात.

मूळ चित्र बघून ते रंगारंगांत फोडून दगडावर ठिपक्याठिपक्यांनी काढणारे कारागीर वेगळे असत. भिंगातून आमची लक्ष्मी बघितली तेव्हा तिच्या गालावर मला ते ठिपके दिसले. वेडेवाकडे, लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ. हाताने काढलेले. आजच्या ऑफसेटच्या चित्रात ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर, फुलासारख्या गोल नक्षीत बसलेले असतात. अस्सल आणि नक्कल ओळखायची ही पहिली आणि बिनखर्चाची परीक्षा. दहा पटीचं भिंग पुरतं.

छापखाना चालला का? चित्रं चालली, धंदा नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, कामगार मिळेनात. खर्च चालूच होता आणि कर्ज वाढत होतं. भागीदार बाजूला झाला. १८९९ मध्ये छापखाना घाटकोपरहून हलवून लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना लोणावळ्याच्या जरा अलीकडे अंधारात एक छोटं स्टेशन मागे पडतं, तेच मळवली. कार्ल्याच्या लेण्यांना जायला उतरतात ते. मी या मार्गावरून कितीदा झोपेत गेले असेन. तिथे जाऊनही कर्ज फिटलं नाही. १९०१ मध्ये रविवर्माने सगळा छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायखरला, विकून टाकला. आपली चित्रं छापायचे हक्कसुद्धा दिले. ज्याच्या नावावर पुढे लाखो घरांत देव गेले, त्याच्या हाती छापखाना जेमतेम सात वर्षं होता, आणि तोही तोट्यात.

इथे मला रविवर्माचा थोडा रागही येतो. चित्रकाराने यंत्रांच्या फंदात पडायलाच नको होतं, असं त्याच्या मित्रांनी म्हटलं असेल तर ते चुकीचं नव्हतं. भावाची डायरी आज छापून उपलब्ध आहे. गावोगावचे प्रवास, अर्धवट चित्रं आणि छापखान्याची डोकेदुखी, हे सगळं धाकट्याने कसं निभावलं असेल याची त्यातून कल्पना येते. तो स्वतः उत्तम निसर्गचित्रं काढायचा. थोरल्याच्या कित्येक चित्रांतली मागची झाडं आणि डोंगर त्याच्या हातचे आहेत. त्याचं नाव आपल्यापैकी कोणाला माहीत आहे?

श्लायखर धंद्यात हुशार निघाला. त्याने देवांच्या चित्रांसोबत लेबलं, जाहिराती, कॅलेंडरं छापायला घेतली. हातात मावतील अशी पोस्टकार्डं निघाली. नवीन चित्रकारांकडून नवीन चित्रं करून घेतली. आपले धुरंधर त्यांतले मोठे. दादासाहेब फाळकेही सिनेमाच्या आधी या छापखान्याच्या कामात होते. यामुळे एक घोळ मात्र झाला. रविवर्मा प्रेसचं चित्र आणि रविवर्माने काढलेलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि बाजारात दोन्हींना एकाच नावाने हाक मारली जाते. त्यात भर म्हणजे पुण्याची चित्रशाळा. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये काढलेली. तिची रंगीत देवांची चित्रं मराठी घरांत रविवर्माच्याही आधीपासून होती. जर्मनीत छापून इकडे आलेल्या नकला वेगळ्याच. एकूण काय, भिंतीवरचं प्रत्येक जुनं चित्र रविवर्माचं नसतं.

मग ओळखायचं कशावरून? कडेवरून. खालच्या पांढऱ्या पट्टीवर चित्राचं नाव, अनेकदा एक क्रमांक, आणि बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव-पत्ता असतो. रविवर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस, आणि पुढे गाव. मुंबई किंवा घाटकोपर असेल तर प्रत सुरुवातीच्या वर्षांतली, रविवर्मा हयात आणि मालक असतानाची. कार्ला किंवा मळवली असेल तर नंतरची, आणि त्यातली बहुतेक श्लायखरच्या काळातली. जुन्या गाडीला इंजिन नंबर असतो ना, तसाच हा प्रकार. नंबर घासलेली गाडी कितीही झकास चालली तरी घेणारा हात मागे घेतोच.

कड असेल तर मग पुढची तपासणी. पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी ती आमच्या देखत केली आणि मी शेजारी उभी राहून बघितली, जेन्सनजवळ रविवर्मा उभा होता तशी. आधी कागद. लाकडी फळी वर्षानुवर्षं पाठीला टेकली की लाकडातलं आम्ल कागदात उतरतं. आमच्या चित्राच्या पाठीवर फळीच्या रेषा जशाच्या तशा तपकिरी उठल्या होत्या. कोकणातल्या घरांतून आलेल्या कागदावर दमटपणाचे तांबूस ठिपके पडतात. सोलापूरच्या हवेत ते कमी, पण आपला उन्हाळा कागद पापडासारखा ठिसूळ करतो, कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. मग कसरीची भोकं, वाळवीची वाट. मग रंग. उन्हाच्या तिरिपेत टांगलेल्या चित्रातली गुलाबी छटा आधी उडते आणि देवी निस्तेज निळसर दिसायला लागते. मग घड्या, चिकटपट्ट्या आणि कोणी हौसेने वरून पुन्हा रंग भरला आहे का ते. शेवटी त्यांनी नोटा तपासायचा जांभळा दिवा काढला. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणा यावा म्हणून जी रसायनं घालतात ती या दिव्याखाली निळी चमकतात. आमचा कागद चमकला नाही. माझ्या काकांचा चेहरा मात्र चमकला.

अवस्थेइतकाच दुसरा मुद्दा असतो तो किती प्रती उरल्यात याचा. लक्ष्मी आणि सरस्वती सगळ्यात जास्त खपल्या, म्हणून त्याच सगळ्यात जास्त सापडतात आणि त्यांना भाव कमी. जी चित्रं लोकांनी फारशी घेतली नाहीत ती आज दुर्मीळ म्हणून महाग. म्हणजे त्या वेळी नापास झालेलं चित्र आज मेरिटमध्ये. काही बायकांनी चित्रातल्या साडीवर खरी जर, टिकल्या, मोती शिवून लावले. एका हिशेबाने ही चित्राची नासधूस, पण काही संग्राहक अशाच सजवलेल्या प्रती मुद्दाम शोधतात. कुंकवाच्या डागांना मात्र असा कोणी वाली नाही. आमची काच मध्यंतरी काही वर्षं फुटलेली होती, तेव्हाची बोटं थेट देवीच्या पायांवर उमटली आहेत. त्याबद्दलही पैसे कापले गेले.

ही तऱ्हा आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं अशीच तपासतात आणि त्यांना एक ते दहा असे मार्क देतात. कोपरे, कडा, चित्र मध्यभागी आहे की नाही, पृष्ठभागावर ओरखडे. ती कार्डंही फुकटात, सिगारेटच्या पाकिटातून यायची. होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं १९०९ ते १९११ च्या संचातलं कार्ड फार थोडं छापलं गेलं. त्याची एक प्रत २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेली. त्याच कार्डाच्या सगळ्यात गाजलेल्या प्रतीची गंमत अशी की तिच्या कडा इतक्या सरळ का, याचं उत्तर २०१३ मध्ये कोर्टात मिळालं. ती विकणाऱ्यानेच कडा कापून नीट केल्या होत्या! तिथे किंमत वाढवायला कापलं आणि आमच्याकडे फ्रेममध्ये बसवायला.

रविवर्माची शेवटची वर्षं सांगायची राहिली. १९०४ मध्ये सरकारने त्याला कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. त्या घोषणेत त्याचं नाव राजा रविवर्मा असं लागलं आणि ते कायमचं चिकटलं. त्रावणकोरच्या महाराजांना हे रुचलं नव्हतं, कारण तो राजा नव्हताच. १९०५ च्या जानेवारीत धाकटा भाऊ गेला. प्रवास, स्टुडिओ, छापखाना, सगळीकडे जो सावलीसारखा बरोबर होता, तोच नाही म्हटल्यावर रविवर्मा खचला. मधुमेह होताच. म्हैसूरच्या दरबाराची चित्रं त्याने तशाही अवस्थेत हातावेगळी केली आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूरला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो गेला.

छापखाना त्याच्यानंतर साठ-पासष्ट वर्षं राहिला. १९७२ मध्ये मळवलीला आग लागली आणि यंत्रांसकट सगळं जळालं. जुन्या प्रतींचा साठाही बराच गेला. म्हणजे तशाच प्रती पुन्हा काढायची सोय उरली नाही. घरांच्या भिंतींवर जे टिकलं, तेच काय ते टिकलं. १९७९ मध्ये सरकारने रविवर्माची चित्रं राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर केली. मूळ तैलचित्रं आता देशाबाहेर नेता येत नाहीत. देशातल्या देशात मात्र त्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. २०२३ मध्ये यशोदा आणि कृष्णाचं त्याचं एक तैलचित्र मुंबईच्या लिलावात अडतीस कोटी रुपयांना विकलं गेलं. रणजित देसाईंनी त्याच्यावर मराठीत कादंबरी लिहिली, तिच्यावरून हिंदी सिनेमाही निघाला. कादंबरी आपल्या लायब्ररीत असेल तर वाचा, पण ती कादंबरी आहे हे लक्षात ठेवून.

आता आमच्या लक्ष्मीचं काय झालं ते सांगते. गृहस्थांनी सांगितलेल्या रकमेवर दोन्ही काकांचं एकमत झालं, पण घ्यायचं कोणी यावर होईना. कड कापलेली, पाय डागाळलेले, असं चित्र एवढे पैसे धरून आपल्या वाट्याला का घ्यायचं, असं आता दोघांनाही वाटू लागलं होतं. मागे भिंतीला टेकून आत्या बसली होती. वाटणीत तिला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही काही मागितलं नव्हतं. लग्न होईपर्यंत दर शुक्रवारी त्या चित्राला कुंकू लावायचं काम तिचं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. काच फुटलेली होती ती वर्षंही त्यातलीच.

दुसऱ्या दिवशी आत्या परत आली. पर्समधून नोटा काढून तिने दोन्ही भावांपुढे निम्मी निम्मी रक्कम ठेवली. काकांनी आधी नको नको म्हटलं. मग धाकट्या काकांनी मोजून घेतली. थोरल्या काकांनी न मोजता खिशात ठेवली. चित्र आम्ही सोलापुरी चादरीत गुंडाळलं आणि मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. जुनी फळी परत लावू नकोस, मागे आम्ल नसलेला जाड कागद लाव, काच आणि चित्र यांच्यात थोडी फट ठेव, उन्हाच्या भिंतीवर टांगू नकोस, एवढं सगळं मी तिला एका दमात सांगितलं. पायावरचे डाग पुसायचे का असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. रिक्षा सुरू झाली तेव्हा ती एका हाताने चादरीचा सुटलेला कोपरा आत खोचत होती.